जिन्यातला थोरला

‘मी आणतो दुरुस्त करून’ हे शब्द जावईबापूंच्या तोंडून बाहेर पडले, तेव्हा त्यांच्या तोंडात घास होता. तोंडात घास असताना बोलू नये असं लहानपणी सगळ्यांनाच शिकवतात. ती शिकवण त्यांनी त्या एका जेवणापुरती पाळली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं आणि इमारतीतल्या लोकांना आज सांगायला काही उरलं नसतं. पण समोर सासरे बसले होते, आणि सासऱ्यांसमोर जावईबापूंना गप्प बसवत नसे. बोललेलं खपत नसे, तो भाग वेगळा.

सासऱ्यांना घरीदारी सगळे अप्पा म्हणत. जलविभागाच्या जुन्या पंपहाऊसचे ते फोरमन होते. त्या काळी विभागाचा स्वतःचा बँड होता आणि अप्पा त्यात थोरला वाजवायचे. थोरला म्हणजे पितळेचा एक अवाढव्य ट्यूबा. नेहमीचा ट्यूबा माणूस मांडीवर घेऊन वाजवतो. थोरल्याने मनात आणलं असतं तर त्यानेच माणसाला मांडीवर घेतलं असतं. पंपहाऊस बांधणाऱ्या साहेबांना म्हणे पंपाच्या घरघरीवरून ऐकू जाईल असं वाद्य हवं होतं, म्हणून त्यांनी तो खास घडवून घेतला. पुढे साहेब गेले, बँड बंद पडला, अप्पा निवृत्त झाले, आणि थोरला विभागाच्या गोदामात तुटक्या मोटारींच्या मागे जाऊन पडला.

आता पंपहाऊसही बंद व्हायचं होतं. नवीन केंद्र सुरू झालं होतं, जुन्याचा निरोप समारंभ ठरला होता, आणि अप्पांना मानाचं आमंत्रण आलं होतं. छातीच्या ऑपरेशननंतर अप्पा मुलीकडेच राहायला आले होते आणि मागच्या खोलीतून फक्त जेवणापुरते बाहेर येत. ताटातलं चिवडत ते म्हणाले, “थोरला तिकडे भंगारात लोळतोय, आणि मी खुर्चीत बसून टाळ्या वाजवू? मला नाही जमायचं. खरं सांगू का, आता कशालाच उठून जावंसं वाटत नाही.”

जावईबापूंच्या बायकोचा हात वाढता वाढता थांबला. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की जखम भरली, पण माणूस काही उभारी धरत नाही, त्यांना हिंडतं-बोलतं करा. तिने सगळं करून पाहिलं होतं. आदल्याच दिवशी ओट्याशी उभी राहून ती रडली होती. “अप्पांनी जगायचं सोडून दिलंय हो,” म्हणाली होती. जावईबापूंना ते आठवलं आणि घासासकट शब्द बाहेर आले.

अप्पांनी मान वर केली. “तुम्ही?” ते म्हणाले. मग पुन्हा, “जावईबापू, तुम्ही?”

प्रश्न अगदीच निराधार नव्हता. जावईबापू विमा कंपनीत दावे तपासायचे. मोडलेली वस्तू बघायची आणि ती मुळातच मोडकी होती असं सभ्य भाषेत कळवायचं, हे त्यांचं काम, आणि त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. दुरुस्तीशी मात्र त्यांचा संबंध एकदाच आला होता. त्यांनी घरातला फ्यूज बदलला आणि शेजारच्या इमारतीत अंधार झाला. शिवाय त्यांना एक खोड होती. वैतागले किंवा विचारात पडले की ते ओठ मिटून त्यांतून हवा सोडत, फुर्रर्र. अप्पांना ही खोड मुळीच सहन होत नसे. तोंडाने ते काही बोलत नसत. प्रत्येक फुर्रर्रनंतर फक्त मुलीकडे बघत, आणि त्या बघण्यात लग्नापासूनचा सगळा हिशेब असे.

दुसऱ्या दिवशी जावईबापू गोदामात हजर झाले. तिथला स्टोअरकीपर भला माणूस होता, पण नियमाचा पक्का.

“ट्यूबा? आमच्याकडे ट्यूबा नाही,” तो म्हणाला. जावईबापूंनी मोटारींच्या मागे बोट दाखवलं. “तो होय? तो पाइप आहे. पितळी, वाकडा. आमच्या नोंदवहीत तो तसाच लागलाय.”

“अहो, त्याला व्हॉल्व्ह आहेत.”

“व्हॉल्व्ह आमच्या सगळ्याच पाइपांना असतात. दुरुस्तीला द्यायला माझी ना नाही. पण कुठल्या लाइनवरचा ते सांगावं लागेल, आणि परत घेताना गळती तपासल्याशिवाय मला तो ताब्यात घेता येणार नाही.”

जावईबापू आयुष्यभर लोकांना अशीच उत्तरं देत आले होते. ती टेबलाच्या अलीकडच्या बाजूने ऐकायला कशी लागतात हे त्यांना प्रथमच कळलं. त्यांनी समजावून पाहिलं, आवाज चढवून पाहिला, एकदा फुर्रर्र करून पाहिलं. शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाले, “अप्पा फोरमनच्या लाइनवरचा आहे हो तो.” त्यासरशी स्टोअरकीपर खुर्चीतून उठला. “अप्पांचा? मग आधी नाही का सांगायचं?” त्याने स्वतः खांदा लावून थोरला टेम्पोत चढवून दिला, दोरीने बांधून दिला, आणि टेम्पो सुटल्यावर मागून ओरडून सांगितलं की गळती मात्र तपासावी लागेल.

आता जावईबापूंचं घर वरच्या मजल्यावर, आणि थोरला घडवणाऱ्याच्या डोक्यात जिना हा प्रकार नव्हता. पहिल्याच वळणाला तो अडकला. टेम्पोवाल्याने तिरका करून पाहिला, उलटा करून पाहिला, आणि मग ‘माझं भाडं इमारतीपर्यंतचं होतं’ असं म्हणून काखा वर केल्या. थोरला तळमजल्यावर, जिन्याखाली आणि दंतवैद्य बाईंच्या दवाखान्यासमोर, आ वासून उभा राहिला.

लगेच इमारतीचे चेअरमन आले. ते लगेचच येतात. “जिन्याखाली सामान ठेवायचं नाही,” ते म्हणाले. “हा नियम मी स्वतः केलाय.”

“हे सामान नाही,” जावईबापू म्हणाले.

“मग काय आहे?”

“पाइप आहे. जलविभागाचा. दुरुस्ती चालू आहे.”

चेअरमन विचारात पडले. पाइपांबद्दल त्यांनी नियम केलेला नव्हता. जावईबापूंनी मनातल्या मनात स्टोअरकीपरचे आभार मानले आणि पटकन थोरल्यावर चादर टाकली. चादर अर्ध्यालाच पुरली.

आपल्या घरात एखादी वस्तू मोडली तर ती आपली असते. जिन्यात मोडकी वस्तू ठेवली की ती सर्वांची होते. जाता-येता प्रत्येक जण थोरल्यापाशी थांबू लागला, टिचकी मारू लागला आणि मत देऊ लागला. कुणी म्हणे पॉलिश करा, कुणी म्हणे वितळवा, कुणी म्हणे त्यात कुंडी छान बसेल. एका गृहस्थांनी हा ट्यूबा नव्हेच असं ठासून सांगितलं. मग काय आहे, हे मात्र त्यांना सांगता येईना. दंतवैद्य बाईंनी आपला बारका आरसा आणून नळ्यांमध्ये डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, “कीड नाहीये. पण वर्षानुवर्षं साफसफाई झालेली दिसत नाही.” त्यांच्या बोलण्यात अशी काही जरब होती की जावईबापूंनी नकळत आपलं तोंड मिटून घेतलं.

थोरल्याच्या अंगावर पोचे मोजण्यापलीकडचे होते. वाद्य दुरुस्त करणारा कारागीर गावात कुणी उरला नव्हता, म्हणून जावईबापूंनी कोपऱ्यावरच्या गॅरेजमधला डेंटिंगवाला बोलावला. आत्मविश्वास ही काय चीज आहे हे त्याच्याकडून शिकावं. “गाडी असो नाहीतर बाजा असो, साहेब, पत्रा तो पत्रा,” तो म्हणाला. “आतून गोळा फिरवतो, पोचा बाहेर. मग लाल रंग मारून देतो, मेटॅलिक.” रंग नको हे त्याला पटवण्यात एक संध्याकाळ गेली. पटलं असं जावईबापूंना वाटलं, पण ते ऑफिसला गेल्यावर त्याने मागच्या बाजूला थोडासा मारून ठेवलाच. घरी आल्यावर बघतात तो थोरल्याचा पार्श्वभाग लालभडक. बायकोने शेजारणींना गोळा केलं, घासणी घेतली, लिंबू-मीठ घेतलं आणि तो उतरवला. त्या निमित्ताने उरलेला थोरलाही उजळला, हे डेंटिंगवाल्याने आपल्याच खात्यावर घेतलं.

गोळ्याचं म्हणाल, तर तो खरंच कामाचा होता. बेअरिंगचा जड लोखंडी गोळा सळईच्या टोकाला बसवून तो नळीत घालायचा, पोच्यावर दाबायचा, आणि पोचा टकटक करत बाहेर यायचा. बघायला गर्दी व्हायची. अशाच एका दुपारी, सुट्टीचा दिवस पाहून जमलेल्या गर्दीला नीट दिसावं म्हणून त्याने हात जरा जास्तच आत घातला आणि गोळा सळईवरून सुटला. गडगड करत तो थोरल्याच्या वेटोळ्यांत उतरला, कुठेतरी खोल जाऊन टणकन वाजला आणि थांबला. थोरल्याच्या पोटात गोळा गेला आणि जावईबापूंच्या पोटात गोळा आला.

“राहू दे आतच,” डेंटिंगवाला म्हणाला. “आवाजाला वजन येईल.”

पण आता गप्प राहायला इमारत तयार नव्हती. चेअरमननी सूत्रं हाती घेतली. त्यांचं म्हणणं, थोरला उचलून कोलांट्या देत फिरवला तर गोळा आपसूक घरंगळत बाहेर येईल. वरच्या-खालच्या मजल्यांवरून माणसं आली. दवाखान्यातला एक पेशंट गळ्यातल्या कागदी रुमालासकट मदतीला धावला. त्याचा अर्धा जबडा बधिर होता, त्यामुळे तो काय सांगतोय ते कुणाला कळत नव्हतं, आणि पुढे असं निघालं की एकटा तोच बरोबर सांगत होता. “उचला,” चेअरमन म्हणत. लोक उचलत. “फिरवा.” लोक फिरवत. गोळा गडगडायचा, सगळे कान लावायचे आणि आवाज आणखी आत गेलेला असायचा. जावईबापू थोरल्याच्या खाली होते. नेमके खाली कसे गेले ते त्यांनाही माहीत नव्हतं.

“उलटं फिरवताय,” वरून आवाज आला.

सगळ्यांनी माना वर केल्या. जिन्याच्या वळणावर अप्पा उभे होते. एका हाताने कठडा घट्ट धरला होता, घरातला सदरा तसाच अंगात होता, आणि त्यांच्या मागे जावईबापूंची बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने तोंडावर हात ठेवला होता. ऑपरेशन होऊन आल्यापासून अप्पा उंबऱ्याबाहेर पडले नव्हते.

“तुमच्या सोयीनं नका फिरवू,” अप्पा म्हणाले. “त्याच्या वेटोळ्याच्या कलानं फिरवा. गेला त्याच वाटेनं येईल तो. आणि त्या विमावाल्यांना आधी बाहेर काढा.”

ते पायरी-पायरीने खाली आले, शेवटच्या पायरीवर टेकले आणि हातानेच दिशा दाखवू लागले. थोरला फिरला, थांबला, फिरला. गडगड जवळ येत गेली. शेवटी गोळा कर्ण्यातून बाहेर पडला आणि दंतवैद्य बाईंच्या पायपुसण्यावर अलगद स्थिरावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अप्पांनी थोरल्याच्या पितळेवर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही. जावईबापू अंगावरची धूळ झटकत होते, पण त्यांचं सगळं लक्ष त्या हाताकडे होतं. या इमारतीत घर घेतलं ते बरं झालं, असं त्यांना त्या दिवशी मनापासून वाटलं. एरवी ते दर महिन्याला इमारत सोडायचं म्हणत.

तिथून पुढे अप्पा रोज खाली येऊ लागले. आधी खुर्ची वरून आणावी लागे. मग चेअरमननी आपली खुर्ची जिन्याखाली कायमची ठेवली आणि त्याबद्दल कुणी विचारू नये म्हणून स्वतःच विषय बदलू लागले. स्टोअरकीपर गळती तपासायला आला, तेव्हा अप्पांनी त्याला उभ्या उभ्या झापलं आणि मग त्याचंच म्हणणं मान्य केलं. थोरल्यात नळाने पाणी भरलं. जिथे जिथे थेंब आला तिथे दंतवैद्य बाईंनी लाल पेन्सिलीने खूण केली, डेंटिंगवाल्याने डाख देऊन भोक बुजवलं, आणि जिना असा धुऊन निघाला की पायऱ्यांचा मूळ रंग कोणता यावर वाद झाला. वाद्याची परीक्षा पाइपासारखी घ्यायची हे ऐकून जावईबापू आधी कुचेष्टेने हसले होते. पण खरं सांगायचं तर त्यावाचून ती बारीक भोकं कुणाला सापडली नसती.

“आता तोटी बसवा,” अप्पा म्हणाले. “म्हणजे ओठ लावायचा भाग. तो मी घरी आणून ठेवला होता, तुझ्या आईनं माळ्यावर टाकला असेल.”

मुलीने जीभ चावली. ती वर गेली आणि स्वयंपाकघरातून तेल ओतायचं नरसाळं घेऊन आली. आईनंच तिला ते लग्नानंतर दिलं होतं. अप्पांनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, वास घेतला. जावईबापूंना वाटलं, आता काही खरं नाही. पण अप्पा हसले. कधीपासून हसले नव्हते. “म्हणजे इतकी वर्षं वापरात होतं,” ते म्हणाले. “गंजलं नाही ते तेलामुळेच.”

तोटी बसली. पण वाजवणार कोण? अप्पांच्या छातीत जिन्यापुरताच दम उरला होता. चेअरमननी गाल फुगवून फुंकलं. थोरल्यातून नुसता वारा आला. डेंटिंगवाल्याने फुंकलं, त्याला घेरी आली. “फुंकायचं नसतं,” अप्पा वैतागून म्हणाले. “ओठ थरथरले पाहिजेत. ओठ मिटायचे आणि त्यांतून हवा...” आणि ते बोलता बोलता थांबले. सगळ्या इमारतीला जे ठाऊक होतं ते त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी सावकाश मान वळवली. “जावईबापू,” ते म्हणाले, “ते तुमचं तेवढं करा बघू.”

“ते म्हणजे?” जावईबापू म्हणाले. माणसाला स्वाभिमान असतो.

“अहो, ते,” बायको म्हणाली. “फुर्रर्र.”

जावईबापूंनी तोटीला ओठ लावले. मनात लाज होती, त्यामुळे पहिल्यांदा जमलं नाही. मग त्यांनी स्टोअरकीपरची उत्तरं आठवली, लाल रंग आठवला, आणि खरोखरीचं फुर्रर्र आपोआप निघालं. थोरल्याच्या तळातून एक आवाज उठला. आधी तो पायांना कळला, मग पोटाला, मग कानांना. वेटोळ्यांत राहून गेलेलं तपासणीचं पाणी कारंज्यासारखं उडालं आणि वाकून बघणारे चेअरमन न्हाऊन निघाले. दवाखान्यातून कुणीतरी विचारलं, भूकंप झाला का. चेअरमन चेहरा पुसत म्हणाले, “नाही, आपला थोरला वाजला.” ‘आपला’ हा शब्द सगळ्यांनीच ऐकला.

मग आणखी एक भानगड लक्षात आली. तोटीला तोंड लावलं की व्हॉल्व्हपर्यंत हात पोचत नव्हता. जावईबापूंनी हात ताणून पाहिला, तिरके होऊन पाहिलं. अप्पा शांतपणे म्हणाले, “नाहीच पोचणार. थोरल्याला दोन माणसं लागतात. एक पुढं फुंकायला, एक मागं व्हॉल्व्हवर. मी फुंकायचो, माझा जोडीदार मागं असायचा. तो गेला, तेव्हापासून मी याला तोंड लावलं नाही.”

अप्पा खुर्चीवरून उठले, थोरल्याच्या मागे गेले आणि उजवी बोटं व्हॉल्व्हवर ठेवली. डावा हात त्यांनी जावईबापूंच्या पाठीवर ठेवला. “तुम्हाला मी दिसणार नाही,” ते म्हणाले. “म्हणून हा हात. हात टेकला की फुंकायचं. उचलला की थांबायचं. मधे श्वास चोरून घ्यायचा. आणि आपलं डोकं चालवायचं नाही.”

या शेवटच्या अटीपायी तालमीत जावईबापूंची भंबेरी उडाली. दावे तपासणाऱ्या माणसाचं डोकं थांबत नाही. सूर पुरेसा झाला असं वाटलं की ते थांबायचे. मागून आवाज यायचा, “कुणी सांगितलं थांबायला?” ते पुन्हा सुरू करायचे. अप्पा रागवायचे, बोटं चालवायचे, घाम पुसायचे आणि वर जाऊन पोटभर जेवायचे. ओठ सुजून जावईबापूंना जेवताना घास धड घेता येत नव्हता, पण समोरचं ताट स्वच्छ झालेलं बघून त्यांना कसलीच तक्रार राहत नव्हती.

समारंभाच्या दिवशी सगळी इमारत पंपहाऊसला आली. उंच खिडक्या, तेलाचा वास, हिरव्या रंगाचं इंजिन आणि त्याचं भिंतीएवढं चाक. जुन्या बँडमधले उरलेसुरले वादक आपापली वाद्यं घेऊन बसले होते. ठरलं होतं असं, की बँड एक संथ धून वाजवेल, तिच्या शेवटी चीफ इंजिनियर साहेब इंजिन बंद करतील, त्याच क्षणी थोरला आपला खर्जातला एक सूर लावेल, आणि मग साहेबांचं भाषण. अप्पा लाकडी खोक्यावर चढून मागे उभे राहिले. जावईबापूंच्या पाठीवर हात टेकला.

धून झाली. साहेबांनी दांडा ओढला. इंजिनाची घरघर मावळली आणि थोरल्याचा सूर उठला. खिडक्यांची तावदानं थरथरली. साहेब माइकपाशी आले, घसा साफ केला, आणि सूर थांबायची वाट पाहू लागले. सूर थांबला नाही.

जावईबापूंच्या डोक्याने केव्हाच सांगितलं होतं, की झालं, पुरे. पण हात उचलला गेला नव्हता. त्यांनी श्वास चोरला आणि पुन्हा लावला. साहेबांनी भाषणाला सुरुवात केली. ओठ हलताना दिसले, शब्द थोरल्याने गिळले. पहिल्या रांगेतून चेअरमन दोन्ही हातांनी ‘बस करा’ म्हणून खुणावत होते, आणि त्यांच्या शेजारी डेंटिंगवाला ‘होऊ द्या’ म्हणून. हात हलला नाही. उलट तो आणखी जड झाला, जणू सगळं अंग त्यावर टेकलं होतं. अप्पांना काही झालं तर नाही ना? मागे वळून बघायचं तर तोंड सोडावं लागणार. त्यांनी समोर बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्या खांद्यावरून मागे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या पाण्याचा अर्थ त्यांना लागेना. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, ओठ आपले आहेत की नाहीत ते कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की पाठीवरच्या माणसासाठी आपल्याला दुसरं काहीही करता येत नाही, हे करता येतं. ते फुंकत राहिले.

मग कुठेतरी एक बारीक करकर झाली आणि थांबली. पाठीवरचा हात उचलला गेला.

जावईबापू गर्रकन वळले. अप्पा खोक्यावर ताठ उभे होते आणि भिंतीकडे, त्या चाकाकडे बघत होते. इंजिन बंद झालं तरी ते चाक आपल्या वजनाने फिरत राहिलं होतं. भाषणाच्या नादात बाकी कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. ते आत्ता थांबलं होतं.

“चाक फिरत होतं,” अप्पा म्हणाले. “चाक फिरतंय तोवर ड्यूटी सोडून जायचं नसतं.”

साहेबांनी हातातला भाषणाचा कागद घडी करून खिशात ठेवला. अप्पा मुलीच्या आधाराने खोक्यावरून उतरले आणि जावईबापूंच्या समोर येऊन उभे राहिले.

“याला मी एकट्यानं निरोप देऊ शकलो नसतो,” ते म्हणाले. “माझा श्वास संपलाय. आज तुमच्या श्वासावर निभावलं. फार केलंत, जावईबापू. या म्हाताऱ्याला खोलीतून बाहेर काढलंत. मी तुमचा ऋणी आहे.”

या अशा दिवसासाठी जावईबापूंनी लग्नापासून एक विनम्र उत्तर तयार ठेवलं होतं. ते पाठही होतं. त्यांनी तोंड उघडलं, पण ओठ सुजून बधिर झाले होते आणि छातीत हवेचा कणही शिल्लक नव्हता. म्हणून त्यांनी पुढे होऊन अप्पांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, आणि बँडने पुढची धून सुरू केली तरी तो सोडला नाही.